स्क्रीनसमोर गरगरतं, उजेड डोळ्यांत खुपतो: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दुपारचे अडीच. कौलारू घराचं माजघर, खिडकी एकच, आणि छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा चौकोन नेमका लॅपटॉपच्या कडेला पडलेला. दहाएक मिनिटं एक्सेलची शीट वरखाली केली की कपाळ जड होतं, जमीन पायाखालून जराशी सरकल्यासारखी वाटते, पांढरी स्क्रीन डोळ्यांत खुपू लागते. मग छातीत धडधड आणि ‘आता आपण पडणार’ ही खात्री. लॅपटॉप मिटून काळोखात पडलं की अर्ध्या तासात बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं आठव्या मिनिटाला सुरू होतं.

काळोखात पडून मिळणारा हा आराम खरा असतो, पण दुखणं लांबतं ते त्याच्यामुळेच. डोळ्यांना काळोखाची सवय लागते, मेंदूला ‘स्क्रीन म्हणजे धोका’ हे पाठ होतं आणि दर आठवड्याला स्क्रीनची मिनिटं कमी होत जातात. उलट्या दिशेने जायचं तर आधी नक्की काय होतंय ते ओळखायचं, मग खोली आणि फोन नीट लावायचा आणि त्यानंतर स्क्रीन औषधासारखी मोजून घ्यायची.

‘चक्कर’ म्हणजे नक्की काय?

‘चक्कर येते’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, ते वापरा.

घर गोल फिरतं, तेही कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केल्यावर, आणि मिनिटाच्या आत थांबतं. हे बहुतेक वेळा आतल्या कानातले सूक्ष्म कण जागचे हलल्यामुळे होतं. त्यावर डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ‘एपली’ नावाची क्रिया करतात आणि पुष्कळांना एकदोन वेळांतच आराम पडतो. स्क्रीनचा इथे काही संबंध नाही.

उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती भोवळ. कारण रक्तदाब, कमी हिमोग्लोबिन, कमी पाणी किंवा चालू असलेलं एखादं औषध.

डोकं अर्ध्या बाजूने ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नको होतो, काही तासांनी किंवा दोनतीन दिवसांनी उतरतं. आपल्याकडे याला सर्रास ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी देतात. पाणी द्यायला हरकत नाही, पण हे बऱ्याचदा पित्त नसून अर्धशिशी असते. अर्धशिशीत डोकं न दुखताही गरगरू शकतं. तिचे उपचार वेगळे आणि चांगले आहेत, त्यामुळे ‘पित्तावर’ वर्षं काढू नका.

आणि चौथा प्रकार, ज्याच्यासाठी हा लेख आहे: काहीच फिरत नाही, पण होडीत बसल्यासारखं झुलतं. डोकं हलकं किंवा कापूस भरल्यासारखं. दिवसभर कमीजास्त चालू, आणि उभं राहिल्यावर, गर्दीच्या बाजारात, चौकड्यांच्या लाद्यांवर, हलत्या स्क्रीनसमोर जास्त. असं बहुतेक दिवस, तीन महिने किंवा अधिक चाललं तर त्याला ‘पर्सिस्टंट पोश्चरल परसेप्च्युअल डिझिनेस’, थोडक्यात पीपीपीडी म्हणतात. त्याचे निकष बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली ठरवले. नाव नवं आहे, दुखणं जुनंच. याची सुरुवात अनेकदा कानाच्या एखाद्या आजाराने, अर्धशिशीने किंवा घबराटीच्या झटक्याने होते. मूळ कारण निघून जातं आणि झुलणं मागे राहतं.

आधी हे वगळा

पुढच्यापैकी काही असेल तर लेख बाजूला ठेवून १०८ ला फोन करा: तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, अचानक आधाराशिवाय चालता न येणं, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं अचानक डोकं दुखणं, छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं. एका कानाने अचानक ऐकू कमी येऊ लागलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. डोळा लाल आहे, दुखतोय आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

ताप, ताठलेली मान आणि उजेड सहन न होणं एकत्र आलं तर रुग्णालय, लगेच. पावसाळ्यात लावणीच्या, चिखलाच्या कामानंतर ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दुखणं असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) तपासणी त्याच दिवशी करून घ्या. ‘दोन दिवस बघू’ हे इथे महाग पडतं.

यातलं काही नसेल तर एकदा साध्या तपासण्या करा: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी १२. रक्तदाब दोन स्थितींत मोजायचा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बसल्या बसल्या एकदाच मोजलेल्या बीपीत हे दिसत नाही. ‘बाहेरचं काही’ म्हणून गाऱ्हाणं घालायचं असेल तर खुशाल घाला, पण बीपी उभं राहून मोजून मग घाला.

हे होतं कशाने

तोल तीन ठिकाणच्या बातमीवर चालतो: आतला कान, डोळे, आणि तळपाय-मान इथले स्नायू. कोकण रेल्वेत क्रॉसिंगला आपली गाडी थांबलेली असते आणि शेजारच्या रुळावरची सुटली की क्षणभर आपणच निघाल्यासारखं वाटतं. डोळे म्हणतात हललो, कान म्हणतो नाही. धडधाकट मेंदू दोन सेकंदांत कानाचं ऐकतो. घाबरलेला मेंदू तसं करत नाही. तो डोळ्यांना जास्त धरून राहतो आणि शरीर जराही डुललं तरी तपासत बसतो. स्क्रोल होणारी स्क्रीन म्हणजे दर सेकंदाला सुटणारी शेजारची गाडी.

त्यात श्वासाची भर पडते. भीतीने श्वास भरभर आणि छातीतून होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यातून डोकं हलकं होणं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, सगळं स्वप्नातल्यासारखं वाटणं. याच भीतीने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, म्हणजे तोच उजेड आत जास्त शिरतो. वर स्क्रीनसमोर पापण्या लवायच्या कमी होतात. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवणाऱ्या पापण्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात. डोळा कोरडा पडतो आणि कोरड्या डोळ्याला उजेड टोचतो. ‘सगळं मनाचं आहे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना एवढं सांगितलं तरी पुरे.

झटका आला की पुढची दहा मिनिटं

१. नजर स्क्रीनवरून काढा, पण डोळे मिटू नका. दाराची चौकट, भिंतीवरचं कॅलेंडर, समोरच्या माडाचं खोड अशा न हलणाऱ्या मोठ्या वस्तूवर ठेवा. वर पंख्याकडे बघू नका.

२. बसा. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवा, शक्यतो अनवाणी. हात मांडीवर. टेबल किंवा भिंत घट्ट धरू नका. धरलं की मान-खांदे ताठतात आणि झुलणं जास्त जाणवतं.

३. श्वास लहान आणि सावकाश. ‘खोल श्वास घे’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि तोच घात करतो, कारण मोठमोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो. नाकाने चार अंक मोजत हलका आत, ओठांचा चंबू करून सहा अंक मोजत बाहेर. फुंकर एवढी हलकी की समोर निरांजन धरलं तर ज्योत वाकावी, विझू नये. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा प्रकार करू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो धोकादायक ठरतो.

४. शून्य ते दहामध्ये त्रास किती, आणि किती वाजले, हे कागदावर लिहा. झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठून उतरू लागतो. चारपाच नोंदी झाल्या की तुमचंच हस्ताक्षर तुम्हाला ते पटवून देतं.

५. आकडा तीनवर आला की त्याच स्क्रीनकडे एक मिनिट परत बघा, मग मिटा. ही पायरी सगळेच गाळतात. पळून थांबलात तर मेंदू पळणं शिकतो. बरं वाटल्यावर एक मिनिट बघून थांबलात तर तो शिकतो की काही झालं नाही.

हाच श्वास सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, बरं असतानाही करायचा. पोहायला पाण्यात पडल्यावर शिकत नाहीत.

खोली आणि उजेड

कोकणातल्या घरांत एक अडचण हमखास असते: आत गडद, बाहेर लख्ख. माजघरात बसलं तर स्क्रीन ही एकच उजळ वस्तू, पडवीत बसलं तर मागे अख्खं आभाळ. डोळ्यांना त्रास नुसत्या उजेडाचा होत नाही, शेजारशेजारच्या उजेड-काळोखातल्या फरकाचा जास्त होतो. साधी चाचणी: स्क्रीनशेजारी कोरा पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर ती जास्त आहे, करडी मळकट दिसत असेल तर खोली जास्त उजळ आहे. दोन्ही सारखे दिसेपर्यंत खोली आणि स्क्रीन दोन्ही बदलत जा.

माजघरात बसायचं तर स्क्रीनच्या मागच्या भिंतीवर उजेड पडेल असा ५ ते ९ वॉटचा पिवळसर एलईडी लावा, २७०० ते ३००० केल्विनचा. खोक्यावर लिहिलेलं असतं. दिवा तुमच्या डोळ्यांना थेट दिसता कामा नये. खिडकी नेहमी बाजूला. पाठीशी असली तर स्क्रीनमध्ये दिसते, समोर असली तर डोळे दिपवते. समुद्राकडे तोंड असलेल्या घरांत तीननंतर पाण्यावरची तिरीप थेट आत येते. पश्चिमेची पडवी सकाळी उत्तम आणि दुपारी वाईट. टेबल दिवसातून एकदा हलवायला लागलं तर हलवा.

काचेच्या कौलाखाली बसू नका. उन्हाचा चौकोन दर पाच मिनिटांनी सरकतो आणि ढग आला की विझतो. जागा बदलता येत नसेल तर खालून वाशांना जुन्या मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, ते काम दुसऱ्या कुणालातरी करू द्या.

आता एक गोष्ट जी क्वचितच कुणी तपासतं. दिवा पंख्याच्या वर असेल तर पंख्याची पाती तो उजेड कापतात. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर टेबलावर सेकंदाला १५ वेळा सावली फिरते. घरच्यांना जाणवतही नाही, पण ज्याचा मेंदू डोळ्यांना धरून बसलाय त्याला वीस मिनिटांत गरगरतं आणि दोष जातो लॅपटॉपला. टेबलावर पांढरा कागद ठेवून बघा, थरथर दिसेल. दिवा पंख्याच्या पातळीखाली आणा किंवा भिंतीवरचा लावा.

जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते, स्वस्त एलईडी बल्बही तेच करतात. फोनचा स्लो-मोशन कॅमेरा भिंतीवर रोखा. व्हिडिओत उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा बदला. पावसाळ्यात लाइट गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर आणि कमी व्होल्टेजला हे वाढतं. लाइट नसताना काळोखात फोनवर काम रेटू नका. बॅटरीचा झोत छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवून ठेवा.

गॉगलचं काय? बाहेर, वाळूवर, होडीत जरूर. पोलराइज्ड काच पाण्याची तिरीप चांगली मारते (फोन काही कोनांत काळा दिसेल, ते बिघडलेलं नाही). छत्रीटोपीही तितकीच कामाची. घरात मात्र गॉगल नाही. आत काळी काच लावून बसलं की डोळे काळोखाला सरावतात आणि महिन्याभराने ट्यूबलाइटसुद्धा ऊन वाटू लागते. आत्ता लावत असाल तर एकदम सोडू नका, रोज पंधरा-वीस मिनिटं कमी करा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर पैसे घालवण्याआधी एवढं लक्षात घ्या: कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधन एकत्र तपासते, तिच्या २०२३ च्या आढाव्यात असा चष्मा स्क्रीनने येणारा डोळ्यांचा थकवा कमी करतो असं आढळलं नाही. त्या पैशांत डोळ्यांचा नंबर नीट तपासून घ्या. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा लावणारे स्क्रीनसाठी हनुवटी वर करून बसतात आणि मान आखडते. त्यांना कॉम्प्युटरच्या अंतराचा एकाच नंबरचा वेगळा चष्मा बरा. पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणताना दहा सेंटिमीटरच्या आधीच एकाची दोन टोकं दिसत असतील तर डोळे जवळ वळायला कमी पडतायत, तेही नेत्रतज्ज्ञांना सांगा.

फोन आणि लॅपटॉप

पहिला गैरसमज ब्राइटनेसचा. उजेड खुपतो म्हणून लोक तो तळाशी नेतात. पण ओएलईडी स्क्रीनचे बरेच फोन ब्राइटनेस कमी करताना उजेड खरा कमी न करता स्क्रीन भराभर चालू-बंद करतात, आणि ब्राइटनेस जितका खाली तितका ‘बंद’चा वेळ लांब. डोळ्याला लुकलुक दिसत नाही, काहींच्या डोक्याला कळते. तपासायचं असं: काळोख्या खोलीत पांढरं पान उघडा, स्क्रीनपुढे पेन्सिल भरभर हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, पंख्यासारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. अशा फोनवर ब्राइटनेस अर्ध्याच्या वर ठेवा आणि मंदपणा दुसऱ्या वाटेने आणा: अँड्रॉइडवर ‘एक्स्ट्रा डिम’, आयफोनवर ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’. दोन्ही ॲक्सेसिबिलिटीत सापडतात. काही फोनांत ‘डीसी डिमिंग’ किंवा ‘फ्लिकर’ नावाचा पर्याय असतो, तो चालू करा.

हालचाल कमी करणं याहून महत्त्वाचं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधखान्यात ‘ॲनिमेशन’ टाका आणि ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’ चालू करा. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी, मोशन, ‘रिड्यूस मोशन’. विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स, ‘ॲनिमेशन इफेक्ट्स’ बंद. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळीकडचा ऑटोप्ले बंद. लॅपटॉपवर माउसच्या चाकाने सरकवण्याऐवजी स्पेसबारने पानच्या पान पुढे न्या. पान उडी मारून बदलतं तेव्हा गरगरत नाही, सरकत बदलतं तेव्हा गरगरतं.

स्क्रीन ५० ते ७० सेंटिमीटरवर, वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली. फोन निदान ३५. अक्षर मोठं करा आणि मराठीसाठी इंग्रजीहून एक-दोन आकडे जास्तच. अनुस्वार आणि रफार टिपायला डोळा जवळ जातो आणि मान पुढे येते. डार्क मोड सगळ्यांना मानवत नाही. तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर असलेल्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली दिसतात. फिकट बदामी किंवा करड्या पानावर काळं अक्षर बहुतेकांना सोसतं. व्हिडिओ कॉलमध्ये एकच बोलणारा दिसेल असं ठेवा आणि स्वतःचा चेहरा झाकून टाका. आपण डुलतोय का हे तासभर बघत बसलं तर माणूस डुलणारच.

आणि रेंज. अनेक वाड्यांत रेंज खळ्याच्या एकाच कोपऱ्यात मिळते, आणि तिथे भर उन्हात फोन पूर्ण ब्राइटनेसवर धरून उभं राहावं लागतं. उभं राहणं, ऊन आणि स्क्रोल, तिन्ही एकदम. निदान खुर्ची न्या, पाठ उन्हाकडे करू नका (स्क्रीन दिपते), आणि जे वाचायचं ते तिथे डाउनलोड करून सावलीत वाचा.

स्क्रीनची मात्रा

तीन दिवस काही बदलू नका. बसल्यापासून त्रास चारवर पोचायला किती मिनिटं लागली ते फक्त लिहा. समजा १२, ९ आणि ११ आली. सर्वात लहान आकडा ९ घ्या, त्याचे दोन तृतीयांश ६. सुरुवात सहा मिनिटांनी, दिवसातून चार वेळा.

सहा मिनिटं झाली की थांबायचं, त्रास नसला तरीही. लोक इथेच चुकतात. बरं वाटतंय म्हणून पंचवीस मिनिटं ओढतात, संध्याकाळी आडवे होतात, दुसऱ्या दिवशी स्क्रीनला हात लावत नाहीत. असं महिनाभर चाललं तर सरासरी तिथेच राहते. फोनवर टायमर लावू नका, घड्याळाचा गजर लावा. मधल्या पाच मिनिटांत डोळे उघडे ठेवून विहिरीपर्यंत किंवा फाटकापर्यंत जाऊन या, दूरची झाडं बघा, पापण्या मुद्दाम लववा.

त्रास दोनतीन अंकांनी वाढला आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरला तर मात्रा बरोबर आहे. अजिबात काहीच वाढलं नाही तर कमी आहे. तासाभरानेही उतरलं नाही तर जास्त झाली, तेव्हा एक तृतीयांशाने खाली या. शून्यावर जाऊ नका. सलग दोन दिवस जमलं की दोन मिनिटं वाढवा. वाईट दिवशीही, पाळी असो, झोप झालेली नसो, पाऊस आठ दिवस ओतत असो, दोन मिनिटं तरी बसा.

मिनिटांइतकंच काय बघता तेही वाढवायचं, आणि दोन्ही एकाच दिवशी नाही. आधी स्थिर पान. मग पान बदलत वाचन, मग सावकाश स्क्रोल, मग बातम्यांसारखा स्थिर कॅमेऱ्याचा व्हिडिओ, मग व्हिडिओ कॉल. रील्स, मोटारसायकलवरून घेतलेले घाटाचे व्हिडिओ आणि गेम सगळ्यात शेवटी. रील्स परत यायलाच हव्यात असंही नाही, पण भीतीने सोडणं आणि कंटाळून सोडणं यात फरक आहे.

४५ मिनिटं सलग सोसू लागली की वर सांगितलेल्या सवलती एकेक काढा. आधी ॲनिमेशन परत चालू, चार दिवस. मग व्हाइट पॉइंट. या कुबड्या आहेत, कायमच्या ठेवल्या तर बँकेतल्या किंवा दुकानातल्या स्क्रीनसमोर पुन्हा तेच होईल. हे सगळं सहा ते बारा आठवड्यांचं काम आहे आणि तिसऱ्या आठवड्यात एकदा सगळं फुकट गेल्यासारखं वाटतं.

नजर आणि मान

पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर दोन सेंटिमीटर उंचीचा ‘क’ काढा, कोऱ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा, हातभर अंतरावर बसा. नजर ‘क’वर ठेवून मान ‘नाही’ म्हटल्यासारखी डावी-उजवीकडे साधारण ३० अंश वळवा. वेग एवढाच की अक्षर पुसट होऊ नये. आधी ३० सेकंद, दिवसातून तीनदा, मग ‘हो’ म्हटल्यासारखं वरखाली. आठवड्याभरात एक मिनिट. मग उभं राहून, मग पाय जुळवून, शेवटी ‘क’च्या मागे चौकड्यांची लुंगी टांगून. ती चौकड शेवटची आणि सर्वात अवघड पायरी. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

समुद्र जवळ असेल तर त्याच्याइतकं सोयीचं साधन नाही. ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर, सोबत कुणीतरी असताना. पहिला आठवडा पाठ समुद्राकडे, नजर माडांच्या रांगेवर. मग समुद्र एका बाजूला. मग समोर, आधी क्षितिज आणि नंतर येणाऱ्या लाटा, एक मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंत. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढते आणि आपणच वाहून चाललोय असं वाटतं. ते सगळ्यांनाच वाटतं. घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही आणि पावसाळ्यात हा प्रयोग नाही.

एसटीत घाट चढताना फोन खिशात ठेवा. पुढची सीट, नजर रस्त्यावर. पोफळीच्या बागांमधून गाडी जाते तेव्हा ऊन-सावलीचे पट्टे फडफडतात, तिथे टोपी खाली ओढून नजर गाडीतल्या स्थिर वस्तूवर. अशा फडफडत्या उजेडात अंगाला झटके आले किंवा भान गेलं तर ते घबराटीचं लक्षण समजू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. रेल्वेत करबुड्यासारखा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो तेव्हा काळ्या खिडकीत डब्याची प्रतिबिंबं हलतात. फोन पालथा, नजर समोरच्या बर्थवर.

गोळ्या आणि डॉक्टर

मेडिकलमधून ‘चक्करची गोळी’ आणून महिनोन्महिने घेणं ही या दुखण्यातली सर्वात सार्वत्रिक चूक. प्रोक्लोरपेरझिन, सिनारिझिन ही औषधं जोराच्या चक्करेत थोडे दिवस उपयोगी पडतात. पण ती तोलाची यंत्रणाच सुस्त करतात, आणि सुस्त मेंदू सराव शिकत नाही. अल्प्राझोलाम लगेच शांत करतं आणि त्याची सवय लागते. चालू असलेली कुठलीही गोळी मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून उतरवून घ्या.

नेटाने सहा आठवडे करूनही मिनिटं वाढत नसतील, किंवा घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ. एसएसआरआय गटातली औषधं (एरवी नैराश्य आणि चिंतेवर देतात ती) या झुलण्यावर वापरली जातात, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढू शकते. हे आधी माहीत नसलं की लोक चौथ्या दिवशी गोळी सोडतात. सोबत विचार-वर्तन उपचार आणि तोलाचे व्यायाम असतील तर उत्तम.

रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव ऐकून लोक बिचकतात. मानसोपचारतज्ज्ञांना भेटणं म्हणजे दाखल होणं नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि त्याला स्क्रीन लागत नाही.

खाण्याचं थोडक्यात: उपाशीपोटी स्क्रीनसमोर बसू नका, सकाळी पेज किंवा काहीतरी पोटात हवं. एप्रिल-मेच्या घामात पाणी आणि कोकम सरबत मोजून प्या (रक्तदाब असेल तर मीठ बेताने). चहा दोन कप, दुपारी चारनंतर नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी कागदावर न्या: झुलतं, फिरतं की अंधारी येते. किती मिनिटांनी सुरू होतं आणि किती वेळात उतरतं. आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, शक्यतो रिकाम्या पाकिटांसकट. आणि नोंदी कागदाच्या वहीतच ठेवा, फोनमधल्या नोट्समध्ये नको.